मेंटॉरशिपचे सोहळे पुरे, आधी पाळणाघर बांधा

रेवदंडी

मार्च जवळ आला की आमंत्रणं सुरू होतात. 'विज्ञान-तंत्रज्ञानातील महिला' असं काहीतरी नाव, जांभळं पोस्टर, आणि "मॅडम, यंदा मेंटॉर म्हणून याल ना?" मी पुण्यात गाड्यांच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिणारी टीम सांभाळते. बाई आहे आणि टीम सांभाळते, एवढ्याच भांडवलावर मला बोलावतात. बरीच वर्षं गेले. यंदा चक्क नाही म्हणून कळवलं.

या कार्यक्रमांचं यश म्हणून जे मिरवतात ते माझ्या मते यशच नव्हे. किती जणींनी नाव नोंदवलं, किती सत्रं झाली, आणि शेवटी 'आत्मविश्वास वाढला का? १ ते ५ मध्ये सांगा'. कुणाला बढती मिळाली, कुणाच्या नावावर पेटंट लागलं, कोण राजीनामा देऊन घरी बसली, हे कुणी लिहून ठेवत नाही.

मागच्या खेपेची माझी मेंटी, म्हणजे मी जिला मार्गदर्शन करायचं ती, टेस्टिंगमधली, बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली. आयोजकांनी ठरवलेला विषय होता 'नेतृत्वाची छाप'. तिचा प्रश्न वेगळाच. जर्मनीचा कॉल संध्याकाळी साडेसहाला लागतो, पाळणाघर सहाला बंद होतं, सहा-दहाला तिथल्या मावशींचे फोन सुरू होतात; कॉल दुपारी चारला घ्या हे मॅनेजरला कुठल्या तोंडानं सांगू? मी ईमेलचा मसुदा करून दिला. पण ज्यानं तो कॉल लावला होता तो मॅनेजर त्याच मजल्यावर बसत होता, आणि त्याला एकाही सत्राला कुणी बोलावलं नव्हतं. सुधारायचं कुणाला, तर तिला.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आता आपापल्या ऑफिसातलं पाळणाघर कितव्या मजल्यावर आहे ते सांगा बघू. सरकारी आकड्यांप्रमाणेच २०१८ साली देशात प्रत्यक्ष संशोधन-विकासाच्या कामात असलेल्यांत बायका १६.६ टक्के होत्या. बीएस्सीच्या वर्गात मुलींची अशी चणचण दिसते का? मग मधे कुठे गळतात? छाप पाडता येत नाही म्हणून खासच गळत नाहीत.

तेव्हा पाच वर्षं हे सोहळे बंद ठेवा आणि तो पैसा पाळणाघरांत आणि परतणाऱ्या बायकांसाठीच्या पगारी जागांत घाला. बोला.

घाटपायथा

पुण्यात बसून हे म्हणणं सोपं आहे, ताई. मी खानदेशात तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो. एमएस्सीला पहिली येणारी मुलगी मला विचारते, "सर, पीएचडीला फी किती लागते? घरी बहिणीचं लग्न आहे." पीएचडी करताना आपल्यालाच पैसे मिळतात हे तिच्या गावीही नव्हतं. जानेवारी २०२३ पासून ज्युनियर रिसर्च फेलोला, म्हणजे फेलोशिपवर पीएचडी करणाऱ्याला, महिना ३७,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. हे सांगायला तिच्या घरी गेलो तर वडिलांना वाटलं मास्तर कसलीतरी कर्जाची स्कीम घेऊन आलेत. कागद दाखवला, तरी दोनदा विचारलं, "परत फेडायचे नाहीत ना?"

हीच माहिती मुलांना टपरीवर उभ्याउभ्या मिळते. रूमवरचे सिनियर असतात, क्लासवाले असतात, कुणाचा तरी चुलतभाऊ आयआयटीत असतो. मुलगी चारच्या एसटीनं घरी जाते. तिला टपरी नाही. तुमच्या त्या जांभळ्या पोस्टरचा मलाही कंटाळा आहे, पण केंद्राची 'विज्ञान ज्योती' बघा. २०१९ मध्ये सुरू झाली, नवोदय विद्यालयांच्या आधारानं चालते, नववी ते बारावीच्या मुलींना प्रयोगशाळा दाखवतात, तिथे काम करणाऱ्या बायकांशी गाठ घालून देतात. बारावीला गणित सोडायचं की ठेवायचं हे ज्या वयात ठरतं त्या वयातलं काम आहे हे. तुमच्या पाळणाघरापर्यंत पोचणारी बाई आधी तयार तर व्हायला हवी!

तर्कट

दोघांनाही एक प्रश्न. खानदेशातल्या शेतमजुराच्या मुलाला तरी कुठे ठाऊक असतं फेलोशिपचं? त्याला नाही कुणी जांभळं पोस्टर लावत. गरज माहितीची असेल तर सगळ्यांना द्या.

आणि बायकांनी बायकांना मार्गदर्शन करावं यानं भलं होतं हे गृहीत का धरायचं? २०२० मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'सारख्या नावाजलेल्या नियतकालिकात पेपर आला होता. लाखो जोड्या तपासल्या होत्या. ज्या तरुण संशोधक स्त्रियांचे मार्गदर्शक स्त्रिया होत्या त्यांच्या पुढच्या कामाला सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या पेपरांत येणारे संदर्भ, कमी मिळाली. भावना बाजूला ठेवून आकडे बघायची आपली तयारी नसते, हा खरा लोच्या.

अणुरेणू

तर्कट, आकडे बघायचे तर शेवटपर्यंत बघा. तो पेपर नोव्हेंबर २०२० मध्ये आला आणि डिसेंबरमध्ये लेखकांनीच मागे घेतला. त्यांनी मार्गदर्शक धरला कुणाला? नव्या संशोधकाबरोबर पेपरवर ज्या ज्येष्ठाचं नाव, तो मार्गदर्शक! माझ्या एका पेपरवर अकरा ज्येष्ठ आहेत, त्यातल्या चौघांना मी समोर आले तर ओळखूही येणार नाही. सहलेखन आणि मार्गदर्शन यांची ही गल्लत रिव्ह्यू करणाऱ्यांनी छपाईआधीच दाखवली होती, बाहेर आल्यावर तर जगभरातून आरडाओरडा झाला.

त्यापेक्षा नीट बेतलेला प्रयोग २०१७ चा आहे, 'पीएनएएस' या अमेरिकी विज्ञान-नियतकालिकात आलेला. मॅसेच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट कॅम्पसवर इंजिनिअरिंगला आलेल्या १५० मुली घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा तीन गटांत विभागल्या: एका गटाला वरच्या वर्गातली मुलगी मेंटॉर, दुसऱ्याला मुलगा, तिसऱ्याला कुणीच नाही. वर्षअखेर पहिल्या गटातली एकही मुलगी इंजिनिअरिंग सोडून गेली नाही. मुलगा मेंटॉर होता त्या गटात ८२ टक्के टिकल्या, कुणीच नव्हतं तिथे ८९. गंमत म्हणजे मार्कांत फरक नव्हता. म्हणजे अभ्यास सुधारला म्हणून टिकल्या असं नाही, 'आपण इथल्याच' असं वाटलं म्हणून टिकल्या. रेवदंडी, तुमच्या 'आत्मविश्वास १ ते ५' ला हसायच्या आधी हे बघा.

तर्कट

मागे घेतला तर घेतला, पण तुमचाच प्रयोग काय सांगतो? पुरुष मेंटॉर असण्यापेक्षा कुणीच नसणं बरं! आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजात वरच्या जागांवर बसलेत कोण? घाटपायथा सरांनी मग मुलींना मार्गदर्शन बंद करावं काय? शिवाय अमेरिकेतलं एक विद्यापीठ आणि १५० मुली, तेवढ्यावर अख्ख्या भारताची योजना आखायची?

अणुरेणू

८२ आणि ८९ मधला फरक एवढ्या छोट्या गटात तीन-चार मुलींचा आहे, त्यावर किल्ला बांधू नका. १०० मात्र १०० आहेत.

घाटपायथा

माझं मार्गदर्शन चालूच राहील, तर्कटराव. आणि मुलांनाही सांगतोच. त्यांना फक्त घरी जाऊन वडिलांची समजूत घालावी लागत नाही.

जुनी वही

मी एका सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. आमच्या वेळी असले कार्यक्रम नव्हते, तेव्हा थोडं मागचं सांगते.

कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून अव्वल येऊन बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) गेल्या, तर सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी अटींवर घेतलं: पहिलं वर्ष पक्का प्रवेश नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करायचं, वातावरण बिघडवायचं नाही. कुणाचं वातावरण, ते विचारू नका. तिथे त्यांना श्रीनिवासय्या नावाचे शिक्षक लाभले, कडक आणि कामाला पक्के. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन बाई मोकळ्या झाल्या. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे पेशीच्या श्वसनात लागणारं प्रथिन असतं, हे दाखवणारं त्यांचं काम.

दुसऱ्या अ‍ॅना मणी. याही रामन यांच्याच प्रयोगशाळेतल्या, हिरे-माणकांच्या वर्णपटांवर एकटीच्या नावानं पेपर. १९४५ साली प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे गेला, तर म्हणाले एमएस्सी नाही, पीएचडी देता येत नाही. रामन यांच्यासारखा माणूस पाठीशी असून! १९४८ मध्ये त्या आपल्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. तिथे उपकरण विभागाचे प्रमुख वेंकटेश्वरन. पर्जन्यमापकापासून सगळी यंत्रं इथेच घडवायची हा त्यांचा ध्यास, आणि ते काम त्यांनी बाईंच्या हाती विश्वासानं दिलं. १९५३ साली बाई प्रमुख झाल्या, हाताखाली १२१ पुरुष. शंभरेक यंत्रांची ड्रॉइंग्ज प्रमाणित करून उत्पादनाला लावली. वेंकटेश्वरन यांनी 'आत्मविश्वास बाळगा' म्हणून भाषण दिल्याचं कुठे वाचनात नाही. काम दिलं.

साबुदाणा

अवांतर: कमलाबाई म्हणजे आपल्या दुर्गा भागवतांच्या धाकट्या बहीण. काय घर असेल ते!

रेवदंडी

साबुदाणा, अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रातले, त्याच बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकलेले. म्हणजे रामन नाही म्हणाले तेव्हा हे दार ठोठावता येतं, ही माहिती कमलाबाईंना घरात होती. इथवर मी घाटपायथा सरांशी सहमत.

पण जुनी वही, तुम्ही माझाच मुद्दा पक्का केलात. वेंकटेश्वरन यांनी जे केलं ते सल्ला देणं नव्हे. २०१० साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त इबारा, कार्टर आणि सिल्वा या तिघींनी हेच मांडलं होतं: मोठ्या कंपन्यांत बायकांना मार्गदर्शन भरपूर मिळतं, पण बंद दाराआडच्या बैठकीत 'हे काम हिला द्या' म्हणून अडून बसणारं माणूस मिळत नाही, म्हणून बढती पुरुष घेऊन जातात. मला कार्यक्रमाला बोलावतात तेव्हा मेंटीच्या खात्यात माझं चवलीचं वजन नसतं. मी कुणाचं नाव कुठे पुढे करणार?

त्यापेक्षा २०२० मध्ये आलेली केंद्राची 'पॉवर' योजना मला पटली. बाईला तिच्या स्वतःच्या नावानं संशोधनाचा निधी, आयआयटी किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेत असेल तर तीन वर्षांत ६० लाखांपर्यंत. तिच्या नावावर उपकरण येतं, तिच्या नावावर विद्यार्थी येतो. विभागप्रमुखाचा आवाज आपोआप खाली येतो.

पेटंटवाली

वाचनमात्र होते, पण राहवेना. रेवदंडी म्हणतात यश मोजलं जात नाही, तर माझं मोजा.

मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी, मग लग्न, मग सासूबाईंचं आजारपण, मग दोन मुलं. लॅबमध्ये परत घेणार कोण? केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची महिला वैज्ञानिक योजना होती, तिच्यातली 'सी' शाखा खास आमच्यासारख्यांसाठी: विज्ञान शिकलेल्या पण खंड पडलेल्या बायकांना वर्षभर पेटंटचं प्रशिक्षण, दरमहा विद्यावेतनासकट. मला एका अनुभवी पेटंट ॲटर्नीच्या हाताखाली टाकलं. पेटंटमधला दावा, तो कितीही लांबला तरी एकाच वाक्यात लिहावा लागतो. माझा पहिला दावा एका साध्या गाळणीचा होता. सरांनी लाल पेनानं 'सुमारे' हा एक शब्द गोल केला आणि म्हणाले, "या शब्दावर समोरचा वकील तुमचं पेटंट फाडून हातात देईल." गाळणीच्या त्या एका वाक्यावर आठवडा गेला.

मग पेटंट एजंटची परीक्षा, दोन पेपर आणि तोंडी. आज माझा स्वतःचा नोंदणी क्रमांक आहे. नाशिकला घरातल्या मागच्या खोलीत बसून कंपन्यांचे अर्ज भरते, बिल माझ्या नावानं निघतं. या योजनेतून माझ्यासारख्या शेकडो जणी पेटंट एजंट झाल्या. याला सोहळा म्हणायचं?

तर्कट

याला नाही म्हणणार. पण ताई, तुमचं उदाहरण पगारी प्रशिक्षणाचं आहे. विद्यावेतन, परीक्षा, परवाना. त्यातून मेंटॉर वजा केला तरी उरतं बरंच.

पेटंटवाली

वजा करून बघा. माझ्या तुकडीत पुस्तकं सगळ्यांना तीच होती. ज्यांना लाल पेनवाला भेटला नाही त्यांतल्या बऱ्याच जणी परीक्षेलाच बसल्या नाहीत.

रेवदंडी

पेटंटवाली, अभिनंदन, आणि तुमची योजना माझ्या यादीतून बाहेर. 'पाच वर्षं बंद' हे मी सरसकट म्हणणार नाही, पण अटी घालीन. कार्यक्रम संपल्यावर पाच वर्षांनी कोण कुठे आहे ते जाहीर करा: नोकरी, पेटंट, निधी, बढती. जो हे सांगू शकत नाही त्याला पुढचा पैसा नाही. आणि प्रत्येक मेंटीबरोबर तिचा मॅनेजर सत्राला हजर.

घाटपायथा

पहिल्या अटीनं आमचा गळा कापलात. बढत्या आणि पेटंटं मोजायला लागलात की आयोजक मुली कुठल्या निवडतील? पुण्याच्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या, ज्यांचे वडील इंजिनिअर आणि आई प्राध्यापक. त्या तशाही पुढे जाणारच, आकडा झकास दिसेल. आमची मुलगी बारावीला गणित ठेवून बीएस्सी झाली, जिल्ह्याला नोकरीला लागली, एवढंच झालं तर तुमच्या कोष्टकात ती शून्य. कुठून निघाली ते आधी लिहा, मग कुठे पोचली ते लिहा.

दुसरी अट शंभर टक्के मान्य. आमच्याकडे मॅनेजर नसतो, वडील असतात. त्यांना बोलावतो मी, चहा पाजतो.

रेवदंडी

निघाल्याची जागा लिहायला माझी ना नाही. पण लिहा. 'आमचं वेगळं आहे' म्हणून कोरं ठेवू नका.

घाटपायथा

लिहितो. परीक्षा संपल्या की आमच्याकडे या एकदा. भाषण नको, तो कंट्रोलरचा बोर्ड घेऊन या. मुलींनी आतून उघडलेला बोर्ड पाहिलेला नाही.

तर्कट

आणि मुलगे?

घाटपायथा

मागच्या बाकांवर बसू देत की, कोण हाकलतंय.