पटकथा लिहायच्या आधी चित्रं काढता का कोणी?

फेरीकाठ: गोव्यातल्या रिबंदर-चोडण फेरीबोटीवरच्या एका खलाशाची आणि त्याच्या मुलीची गोष्ट दोन वर्षं डोक्यात आहे पण लिहायला बसलं की नुसते संवाद येतात, पानंच्या पानं दोघं बोलतच असतात आणि दिसत काहीच नाही. आधी चित्रं काढून मग लिहिलंय का कोणी? मला चित्रकला अजिबात येत नाही.

फोंडेकरीण: काडीची माणसं काढ रे, चालतात. मी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर एक प्रसंग घेते, वर चित्र, खाली एकच ओळ, इथे काय बदललं. मग सगळी कार्डं जमिनीवर पसरून हलवत बसायचं, लागोपाठ चार कार्डांत दोन माणसं समोरासमोर बसलेली दिसली की गोष्ट तिथेच अडकलीय. सत्यजित रायांकडेही 'पथेर पांचाली'ची (१९५५) बांधीव पटकथा नव्हती, स्केचेस आणि टिपणंच होती.

मांडवी_७: बरोबर, फक्त कॅमेरा कुठे, लेन्स कुठली यात आत्ताच शिरू नको, ते स्टोरीबोर्डचं, म्हणजे एकेका शॉटच्या चित्रांचं काम, नंतरचं. उद्या सकाळच्या फेरीला जा आणि मोबाईलवर फोटो काढ. रॅम्प टेकायच्या आधीच स्कूटरी सुरू होतात आणि खलाशी नुसता हात वर करून सगळ्यांना थांबवतो, तो हात म्हणजे अख्खा प्रसंग आहे, संवाद लागतच नाही.

फेरीकाठ: जाऊन आलो. सात कार्डं झाली, पहिल्यावर तो हातच आहे.