काचेच्या चिपेचा अपवर्तनांक दर कोनाला वेगळा का येतोय?

प्रश्न (धरणगाव)
दहावीचं प्रात्यक्षिक: काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश काचेत शिरताना किती वाकतो त्याचं माप, काढायचा. आपाती कोन (किरण काचेवर पडतानाचा) ३०°, ४५°, ६०° घेतले, अपवर्तन कोन (काचेच्या आतला) अनुक्रमे १९°, २८°, ३५° आले. भागाकार १.५८, १.६१, १.७१. एकाच चिपेचे तीन अपवर्तनांक कसे? चीप खराब आहे का?

उत्तर (भुसावळ)
चीप उत्तम आहे आणि मोजणीही नीट झालीय. भागाकार कोनांचा नाही, त्यांच्या साइनचा (त्रिकोणमितीतलं sin) करायचा.
०.५ ÷ ०.३२५६ = १.५४
०.७०७१ ÷ ०.४६९५ = १.५१
०.८६६० ÷ ०.५७३६ = १.५१
साध्या काचेचा १.५२ असतो, म्हणजे उत्तर बरोबर. लहान कोनाला ही चूक लपते: १०° ला नुसत्या कोनांचा भागाकारही १.५२ च्या आसपासच येतो. म्हणून मुलांना ६०° चं वाचन घ्यायला लावाच.

उत्तर (शहादा)
३०° चं वाचन थोडं वर का गेलं, तेही बघा. तिथे अपवर्तन कोन १९° ऐवजी २०° वाचला तर उत्तर १.४६, १८° वाचला तर १.६२! ६०° ला तेवढ्याच चुकीने १.४७ ते १.५५ एवढाच फरक पडतो.

चूक बहुतेक किरणाची वाट आखायला लावलेल्या टाचण्यांत असते. दोन टाचण्यांत किमान ५-६ सेंमी अंतर ठेवा आणि डोक्यांऐवजी बुंध्यांची रेघ जुळवा, कारण टाचणी जरा कलली तरी बुंधा जागेवरच असतो. चिपेची कड टोकदार पेन्सिलीने आखा आणि नंतर चीप हलू देऊ नका. ५ सेंमी रुंद चिपेत किरण बाहेर पडण्याचा बिंदू १ मिमी सरकला की कोन जवळजवळ १° ने चुकतो. कोन स्तंभिकेपासूनच, म्हणजे कडेला काटकोनात काढलेल्या रेषेपासूनच मोजायचा, चिपेच्या कडेपासून नाही.

प्रश्न (धरणगाव)
आभारी आहे, साइनचं पटलं. अजून एक. बोरोसिलिकेट (प्रयोगशाळेतल्या भांड्यांच्या) काचेची कांडी सूर्यफूल तेलात थंडीत दिसेनाशी व्हायची. आता मे महिन्यात पुसट कडा दिसतात. तेल तेच आहे.

उत्तर (भुसावळ)
तेल तेच, पण तापमान वेगळं. कांडीचा अपवर्तनांक सुमारे १.४७ आणि २५° सेल्सिअसला सूर्यफूल तेलाचाही तेवढाच. दोन्ही सारखे असले की सीमेवर प्रकाश वाकत नाही, परावर्तितही होत नाही, मग डोळ्याला कड कुठून दिसणार? पण तेलाचा अपवर्तनांक दर अंशाला साधारण ०.०००४ ने घटतो. ४४° ला तो ०.००७ हून जास्त खाली येतो, काचेचा मात्र जवळपास तसाच राहतो. तेवढ्या फरकाने कड उमटते.

बीकर माठातल्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मधूनमधून तेल हळूच ढवळा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ चांगला गार होतो. शेंगदाणा तेल वापरणार असाल तर फ्रिजमध्ये ठेवू नका, ते गढूळ होतं. शिवाय त्याचा अपवर्तनांक मुळातच जरा कमी असल्याने कड राहते. कांडीऐवजी परीक्षानळी असेल तर आतही तेल भरा, नाहीतर आतली हवा चकाकते. आणि चहाचा साधा ग्लास घेऊन हा प्रयोग करू नका, १.५२ ची काच या तेलात लपत नाही.