भाऊबीजेची ओवाळणी म्हणून ‘थामा’ दाखवला, आता घरात तोंड दाखवायची सोय नाही

शेवटची_रांग

लोकहो एक प्रश्न आहे, पण आधी थोडं रडून घेतो.

भाऊबीजेला दोन्ही बहिणी घरी होत्या. ताई म्हणाली साडीबिडी नको रे, कपाटं लागत नाहीत आता, सगळे मिळून पिक्चरला जाऊ, तीच ओवाळणी समज. मला वाटलं स्वस्तात सुटलो. ‘थामा’ दोनच दिवस आधी म्हणजे २१ ऑक्टोबरला लागला होता, डायरेक्टर आपला आदित्य सरपोतदार, त्याचा ‘मुंज्या’ घरात सगळ्यांना आवडलेला, म्हटलं डोळे झाकून बुक करा. पाच तिकिटं, दोन टब पॉपकॉर्न, पार्किंग, ते ऑनलाइनवाले वरून लावतात ते चार्जेस, सगळं धरून दोन हजार नऊशे गेले. शंभरच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो हे त्या दिवशी पहिल्यांदा बिल वाचून कळलं, नाहीतर एरवी कोण वाचतं.

आणि पिक्चर सुरू झाला तर हसू येईना आणि भीतीही वाटेना. आयुष्मान पत्रकार, तो जंगलात जातो, तिथे रश्मिका भेटते ती बेताळ, गुहेत नवाजुद्दीन कोंडलेला. अर्ध्या तासाने ताई माझ्या कानात म्हणाली, “भूत कधी येणार रे?” मी म्हटलं ताई, ती हिरॉइनच भूत आहे. “ही??” म्हणाली आणि परत पॉपकॉर्नकडे वळली. धाकटी तर इंटरव्हलनंतर सरळ झोपली, अडीच तासांचा पिक्चर, त्यात गाणी, एक आलं की वाटायचं चला झालं, तर थोड्या वेळाने दुसरं.

सगळ्यात जास्त त्रास भाचीने दिला, बारा वर्षांची आहे. मामा ह्याला मारायचं कसं? मामा ह्याला उन्हात काही होतं का? मामा हा मेला तर परत जिवंत होतो मग मेला कशाला? मी काय सांगणार कप्पाळ. त्यात मध्येच ह्याच मालिकेतल्या आधीच्या पिक्चरमधला लांडगा-माणूस, भेडिया येतो, दणादण मारामारी होते. आमच्यातल्या कोणीच ‘भेडिया’ बघितलेला नाही, ताई विचारतेय हा कोण, ह्याचं काय म्हणणं आहे? म्हणजे आधी ‘स्त्री’, ‘भेडिया’, ‘मुंज्या’, ‘स्त्री २’ असा पोर्शन पूर्ण करून या, पिक्चर आहे का सीईटी?

एक गोष्ट मात्र खरंच मस्त होती, की फाळणीच्या वेळचं माणसाचं वागणं बघून बेताळांनी माणसाचं रक्त प्यायचं सोडलं. हे ऐकून मी ताठ बसलो होतो. पण ते आलं आणि गेलं, परत गाणं.

तर प्रश्न असा की हॉरर कॉमेडी हा प्रकारच आता असा झालाय का मीच म्हातारा झालोय? आणि घरात सगळ्यांना एकत्र दाखवता येईल असं काही सुचवा, निदान अब्रू तरी वाचेल.

चकली_मोडली

आम्हाला तर आवडला बाबा. नवाजुद्दीन आला की आमच्या हॉलमध्ये शिट्ट्या पडत होत्या आणि परेश रावल बापाच्या रोलमध्ये धमाल आहे. उगाच प्रत्येक पिक्चरमध्ये लॉजिक शोधत बसायचं तर बातम्या बघा ना घरी.

बाय द वे भाऊबीजेला जेवून दुपारचा शो घेतला होता ना? बासुंदी-पुरीवर कुठलाही पिक्चर झोपच आणतो, धाकटीला दोष देऊ नका.

शेवटची_रांग

श्रीखंड होतं. पण मुद्दा मान्य, साडेतीनचा शो होता.

फोडणीचा_भात

रांगवाले, तुमच्या भाचीला माझा दंडवत. तिने विचारलं तेच खरं दुखणं आहे.

आता ‘झपाटलेला’ घ्या, १९९३ चा. मूळ कल्पना इंग्रजी पिक्चरवरून उचललेली हे सगळ्या जगाला माहीत आहे, ते सोडा. पण तात्या विंचूचे नियम बघा, आज बत्तीस वर्षांनी मला झोपेत विचारलं तरी सांगेन. मंत्र म्हटला तर जीव दुसऱ्यात जातो. बाहुल्यातून सुटायचं असेल तर ज्याला पहिल्यांदा खरी ओळख सांगितली त्याच्याच अंगात जावं लागेल, म्हणजे लक्ष्या. आणि मरणार कसा, तर दोन भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरच. झालं! आता लक्ष्या नुसता खोलीत एकटा बसला तरी आपल्याला धाकधूक होते, कारण बाहुल्याला नेमकं काय पाहिजे ते आपल्याला ठाऊक आहे आणि घरातल्या कुणालाच नाही. हसू पण तिथूनच येतं, तो जीव तोडून सांगतोय आणि लोक त्यालाच वेड्यात काढतायत. त्याच्यासाठी वेगळे जोक लिहावे लागत नाहीत.

आणि तो बाहुला रामदास पाध्यांचा, खरा, हाताला लागणारा. लक्ष्या त्याच्याशी झटापट करतो तेव्हा खरंच काहीतरी अंगावर आलेलं असतं. मी तेव्हा दुसरीत होतो, पिक्चर बघून आल्यावर आमच्या मावशीने शोकेसमधली जपानी बाहुली वर्षभर माळ्यावर ठेवली होती, माझ्यासाठी नाही, तिची स्वतःचीच फाटली होती 😄

रेंडर_लागलाय

पिक्चरमधले राक्षस कॉम्प्युटरवर बनवायचे, मी त्याच धंद्यात आहे, कुठे ते विचारू नका. कुठल्या एका पिक्चरबद्दल बोलत नाही, सगळीकडे कसं चालतं ते सांगतो.

सेटवर राक्षस नसतो. काठीच्या टोकाला टेनिस बॉल असतो नाहीतर हिरव्या कपड्यातला एक बिचारा माणूस, नट त्याच्याकडे बघून घाबरतो. नजर चार बोटं इकडेतिकडे झाली की पडद्यावर तो राक्षसाच्या कानाकडे बघून किंचाळत असतो आणि ते आम्ही काय वाट्टेल ते केलं तरी पुरतं झाकलं जात नाही. केस आणि पाणी ह्या दोन गोष्टी सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा खातात, ओला केसाळ राक्षस म्हटलं की आमच्याकडे लोक सुट्टीचे अर्ज लिहायला घेतात. आणि बहुतेक राक्षस रात्रीच का येतात माहितीये? अंधारात बारकावे कमी करावे लागतात. पाय जमिनीला टेकतो तिथली सावली जरा चुकली की प्रेक्षकाला ‘हे खोटंय’ असं लगेच वाटतं, काय चुकलंय ते त्याला सांगता येत नाही पण वाटतं. अंधारात ते खपून जातं. शिवाय शॉट शेवटच्या आठवड्यात बदलून येतात, रिलीजची तारीख मात्र हलत नाही, मग रात्री तीनला मॅगी खात आपण शेपटी हलवत बसायची.

हे पटत नसेल तर ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ बघा, १९८१ चा, तोही हॉरर कॉमेडीच. माणसाचा लांडगा होतो तो सीन उजेड असलेल्या दिवाणखान्यात आहे, सगळं रबर आणि मेकअप, रिक बेकरचं काम. ऑस्करमध्ये मेकअपची स्पर्धा त्या वर्षी सुरू झाली आणि पहिलं बक्षीस ह्यालाच. हात लांबतो ना त्याचा, तो शॉट अजून अंगावर येतो. पोरांना दाखवू नका पण, वेगळी कारणं आहेत.

शेवटची_रांग

पण मुंज्या पण कॉम्प्युटरवरचाच होता ना? तो तर भाचीला बेक्कार आवडला होता, आठवडाभर घरात घोगऱ्या आवाजात लगीन लगीन करत फिरत होती.

रेंडर_लागलाय

हो पूर्ण सीजी. पण त्याला एकच गोष्ट पाहिजे, लग्न. बास. फोडणीचा भात म्हणतायत तेच.

फोडणीचा_भात

आणि मुंजा आपल्याला आधीपासून माहीत असतो ना. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत पोरगा गेला तर तो पिंपळावर बसतो, हे आजीने प्रत्येकाला सांगितलेलं असतं. हिंदीवाल्यांना समजावून सांगायला त्यांना वेळ द्यावा लागला असेल, आपण सीटवर बसायच्या आधीच टरकलेलो. गावाला आमच्या परसात पिंपळ आहे, त्या बाजूच्या मोरीत संध्याकाळनंतर मी आजही एकटा जात नाही, वय ३९.

साडेआठची_लोकल

सरपोतदारचाच ‘झोंबिवली’ कोणी बघितला नाही का? मी डोंबिवलीची असल्यामुळे बघणं भागच होतं. २६ जानेवारी २०२२ ला लागला, तेव्हा कोरोनामुळे थिएटरं निम्म्या सीटांवर चालू होती, माझ्या दोन्ही बाजूला रिकाम्या खुर्च्या आणि तोंडावर मास्क, आणि समोर चावून पसरणारा रोग. त्या दिवशी शेजारी कोणी खोकलं असतं तर मी पळाले असते.

सेकंड हाफ मला लांबलेला वाटला, पण झोंबी कुठून येतात तर बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यातून. ज्याने डोंबिवलीत टँकरची वाट बघितलीये त्याला ह्यातला विनोद समजावून सांगावा लागत नाही. सासूबाई म्हणाल्या, निदान कारखान्यात पाणी तरी येतंय.

शिरोड्याचो

तुम्ही सगळे घाटावरचे लोक सीजीआय आणि मेकअप करत बसलात, माझं दुखणं वेगळंच आहे. बेताळ म्हणजे रक्त पिणारा व्हॅम्पायर हे कोणी ठरवलं?

आमच्या बाजूला आरवली आहे, जयवंत दळवींचं गाव, तिथला वेतोबा म्हणजे वेताळच. ग्रामदैवत आहे आमचं. माणसापेक्षा बरीच उंच मूर्ती, आणि त्याला नवसाला काय देतात माहितीये का, चपला. चामड्याच्या, ही एवढी मोठी, देवळात जोड्यांचे जोड मांडलेले असतात. तो रात्री गावाच्या सीमेवर राखणीला फिरतो म्हणून चपला झिजतात, मग नवीन द्यायच्या. जुन्या जोडांचे झिजलेले तळवे लोक दाखवतात, मी लहानपणी बोट लावून बघितलंय आणि घरी येऊन मार खाल्लाय. गोव्यात आमोण्याला, लोलयेला पण बेताळच देव आहे. आमच्या वेतोबाक केळ्यांचो घड व्हयो, रगात नको!

आणि नियमाचंच म्हणाल तर वेताळाइतका कडक नियम कुठल्या भुताला आहे सांगा. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. दोन्हीकडून मेला बिचारा विक्रम. चांदोबातलं ते चित्र आठवा, हातात तलवार आणि खांद्यावर मडं. एवढं तयार असताना दात कशाला बसवायचे?

पिक्चर वाईट म्हणून नाही रागावलो, अर्धा तर मी मोबाईलवरच बघितला. पण शेजारचं पोरगं आता वेतोबाच्या देवळात जायला घाबरतं त्याचा राग आहे.

चकली_मोडली

हे नव्हतं माहीत. चपलांचं म्हणजे भारीच. ह्यावर कोणीतरी पिक्चर काढा रे, रात्री गस्त घालणारा देव आणि त्याला चपला शिवून देणारा माणूस, मी पहिल्या दिवशी जाईन.

फोडणीचा_भात

नको. त्यात पण शेवटी भेडिया येईल.

शेवटची_रांग

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. परवा ताईकडे ‘झपाटलेला’ लावला. धाकटी पूर्णवेळ जागी होती, ताई हसून हसून ठसका लागून पाणी प्यायली, आणि भाचीने वहीत मागच्या पानावर तात्या विंचूचे नियम एक दोन तीन करून लिहून काढले, खाली ‘थामा’ असं लिहून पुढे मोठं प्रश्नचिन्ह. ओवाळणी अजून बाकीच आहे असं ताईने तरीही जाहीर केलंय, साडी बघून ठेवली आहे, किंमत इथे लिहीत नाही.

शिरोड्याचो, तुमचं सगळं भाचीला वाचून दाखवलं. डिसेंबरात सुट्टीत तिकडे यायचं असा आता हट्ट आहे. तिचे दोन प्रश्न आहेत, एक, वेतोबाच्या चपलेचा नंबर काय असतो, आणि दोन, डावी आधी झिजते का उजवी.

शिरोड्याचो

नंबर कोणी मोजला नाही, मापाचा अंदाज चांभारालाच असतो. डावी-उजवी मी बघून सांगतो, शनिवारी जातोच आहे. येताना केळी वेंगुर्ल्यातून घेऊ नका, आमच्या बागेत आहेत.