'प्रीपोन' शब्द बाद करा! (वाडीच्या सभेवरून पेटलेला वाद)

खाडीपलीकडचा: आमच्या वाडीच्या गणपती मंडळाची सभा रविवारी होती, ती आदल्या गुरुवारी उरकली. ग्रुपवर मेसेज काय, तर 'सभा प्रीपोन करण्यात आली आहे, सर्वांनी उपस्थित राहावे'. तारीख नाही, वार नाही. मुंबईचे निम्मे चाकरमानी समजले पोस्टपोन, शनिवारी रात्रीच्या गाडीची तिकिटं कॅन्सल करून मोकळे झाले, आणि इकडे गावातल्या चार डोक्यांनी वर्गणी वाढवायचा ठराव पास केला. आता रोज फोनवर भांडणं. माझं म्हणणं एवढंच की हा शब्द इंग्रजीच नाही, आपल्या ऑफिसवाल्यांनी पोस्टपोन उलटा करून बनवलाय. इंग्रज माणूस ब्रिंग फॉरवर्ड म्हणतो. गावच्या नोटिशीत असले शब्द नकोतच.

मास्तरीण_बाई: इंग्रजीच नाही हे कुणी सांगितलं? १५४९ साली रॉबर्ट क्राउली नावाच्या इंग्रजाने हे क्रियापद वापरलंय, फक्त तेव्हा अर्थ 'समोर ठेवणे' असा होता. मग १९१३ मध्ये जॉन ट्रेनर म्हणून एकाने न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून पोस्टपोनच्या जोडीला प्रीपोन हवा अशी सूचना केली, तीसुद्धा मुख्यतः वकिलांच्या सोयीसाठी, आणि आजच्याच अर्थाने. तिकडे रुजला नाही, आपल्याकडे रुजला. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, उघडून बघा. घडण पण सरळ आहे, लॅटिनमध्ये पोनेरे म्हणजे ठेवणे, पोस्ट म्हणजे नंतर, प्री (मूळ प्राय) म्हणजे आधी.

आंबेवाला_देवगड: पोस्ट म्हणजे नंतर होय! मला वाटायचं पोस्टाने पाठवतात म्हणून उशीर होतो 😀

मास्तरीण_बाई: हसू नका, टपालाचं पोस्टसुद्धा त्याच पोनेरेवरून आलंय. निरोप पोचवायला वाटेत ठरावीक अंतरावर माणसं नि घोडे 'ठेवलेले' असायचे, म्हणून. नंतरवालं पोस्ट मात्र वेगळं.

खाडीपलीकडचा: बाई, डिक्शनरीत तर काय वाट्टेल ते असतं. लंडनच्या क्लायंटला प्रीपोन लिहून पाठवा, उलट प्रश्न येतो की नाही बघा. ज्यांची भाषा त्यांनाच कळत नाही तो शब्द बरोबर कसा?

तळकोकणी: नोटीस लंडनला गेली होती का भाऊ? आणि तुमच्या ब्रिंग फॉरवर्डचं कौतुक राहू दे. फॉरवर्ड म्हणजे पुढे, आणि मराठीत 'सभा पुढे घेतली' म्हटलं की दहातले नऊ जण नंतरची तारीख धरणार. म्हणजे अजून मोठा घोळ. आणि गंमत म्हणजे मूव्ह्ड फॉरवर्ड म्हटलं की खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचाही गोंधळ होतो. लेरा बोरोडित्स्की आणि मायकल रॅमस्कर यांनी २००२ मध्ये छापलेला प्रयोग आहे, प्रश्न एवढाच की बुधवारची मीटिंग दोन दिवस फॉरवर्ड केली, आता ती कधी? काही म्हणाले सोमवारी, काही म्हणाले शुक्रवारी. विमानतळावर विचारलं तर नुकतेच उतरलेले लोक जास्त करून शुक्रवार म्हणाले, कारण स्वतः पुढे सरकल्याची भावना डोक्यात ताजी असते. ट्रेनमध्ये विचारलं तर प्रवासाच्या सुरुवातीला नि शेवटाला असलेलेही शुक्रवारकडे झुकले, मधल्या प्रवासात असलेले तेवढे नाही. म्हणजे आमच्या चाकरमान्यांना दादरला गाडीत बसल्याबसल्या विचाराल तर एक उत्तर, चिपळूणला दुसरं आणि कणकवलीला उतरताना परत पहिलं. प्रीपोनमध्ये ही भानगड नाही, प्री म्हणजे आधीच.

खाडीपलीकडचा: मग आमच्याकडे पोस्टपोन का समजले?

तळकोकणी: कारण वाचलंच नाही नीट. शेवटचं 'पोन' बघितलं नि मोबाईल खिशात.

आंबेवाला_देवगड: त्यांचं पण काय चुकलं. आपल्याकडे काही आधी होतं का कधी? रेल्वे रिशेड्यूल म्हणाली की गाडी उशिराच सुटणार हे शेंबडं पोरही सांगेल. सवय एकाच दिशेची लागलीय.

माडाखालचो: गो बाये, क्राउली नि ट्रेनर र्‍हवांदे थंयच. 'सभा आदी घेतली, बेस्तरवारी या' इतक्या लिवूक काय पैसे पडतत? माजी आवशी ग्रुपार आसा, तिका ह्या प्रीपोन कोणी सांगूचा?

खाडीपलीकडचा: हेच तर म्हणतोय मी!

मास्तरीण_बाई: नाही हो, तुम्ही म्हणालात शब्द चुकीचा. हे म्हणतायत नोटीस चुकीची. वर्गात मुलाने प्रीपोन लिहिला तर मी मार्क कापत नाही, फक्त सांगते की हा जास्त करून भारतात चालतो, परदेशी मेल लिहायचा असेल तर ब्रिंग फॉरवर्ड लिही. तुमच्या लाडक्या पोस्टपोनलाही लॅटिनमधून उचलूनच आणलंय.

बोटीवरचा: मर्चंट नेव्हीत आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे एकदा एजंटचा मेल आला, बर्थिंग (म्हणजे जहाज धक्क्याला लागणं) प्रीपोन्ड, आणि ग्रीक कॅप्टन तो शब्द मोठ्याने वाचून माझ्याकडेच बघत राहिला, जणू मीच बनवलाय. मी अर्थ सांगितला तर म्हणाला चांगला शब्द आहे, पण वेळ किती ते कुठाय? मेलमध्ये वेळच नव्हती. तेव्हापासून आम्ही जुनी तारीख-वेळ आणि नवी तारीख-वेळ दोन्ही लिहितो, खाली क्रियापद कुठलंही टाका.

खाडीपलीकडचा: ठीक, पण शब्द मला अजूनही पटलेला नाही. आणि वर्गणीचा ठराव परत घ्यायला लावणार, त्याची सभा पोस्टपोन झाली तरी चालेल.