गावाकडची संग्रहालयं : तुमच्यासोबत कोण होतं?

मागच्या महिन्यात आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, घेऊन तेरला गेले होते. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणाकाठचं, गोरोबाकाकांचं तेर. तिथलं लामतुरे संग्रहालय बघायचं मनात फार दिवसांपासून होतं. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवरून वस्तू वेचून वेचून जमवल्या, त्यातून ते उभं राहिलं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ‘तगर’ येतं ते हेच. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, इथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं. मी मातीच्या मूर्तींपाशी रेंगाळले. आप्पांना त्याचं काही नाही. त्रिविक्रमाच्या देवळातल्या विटांनी मात्र त्यांना धरून ठेवलं. तिथल्या विटा पाण्यावर तरंगतात असं म्हणतात. आप्पा दहा मिनिटं भिंतीला नाक लावून उभे, आणि निकाल दिला, “भुस्सा मळलाय चिखलात. भट्टीत जळाला, वीट पोकळ झाली.” शेतकरी माणूस सोबत असला की संग्रहालय वेगळंच दिसतं. तुमचंही असं झालंय का? लिहा की.

*

आम्ही कणेरी मठावरचं सिद्धगिरी पाहिलं, कोल्हापूरजवळ. बारा बलुतेदार, शेतीची कामं, सगळं सिमेंटच्या पुतळ्यांत. पोरं फोटो काढत पळत होती. आजोबा मोटेपाशी, म्हणजे बैलांनी विहिरीचं पाणी ओढायच्या चामडी पिशवीपाशी, आले आणि खाली बसलेच. आधी वाटलं दमले. मग सुरू झाले. जाड दोर तो नाडा, तो मोटेचं तोंड ओढतो. बारीक ती सोंदूर, ती सोंडेला, म्हणजे मोटेच्या खालच्या नळीला. मोट वर आली की सोंड थारोळ्यात, काठावरच्या कुंडात, सुटते आणि पाणी पाटाला लागतं. पण खरी गंमत नंतर. बैलांना धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, उलट्या पावली मागे आणायचं, आणि तोंड न फिरवता मागे सरणारा बैल सगळ्यांकडे नसायचा. मोटेवरची गाणी का होती तेही त्या दिवशी कळलं, बैलाला त्या लयीची सवय लागलेली. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं जमली होती. एकानं “गाईड किती घेतात?” असं विचारलं. आजोबा अजून तो किस्सा सांगतात.

*

आमचा अनुभव छोटा आहे. दोन तास प्रवास करून पोचलो तर दाराला कुलूप. सोमवार नव्हता, मी पाहून गेले होते. किल्ली ज्यांच्याकडे, ते पाहुण्यांच्या लग्नाला गेलेले. गावाचं नाव सांगत नाही, लग्न कुणाच्याही घरी असू शकतं. पण अंगणात सात वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, मांडलेले होते, तेच वाचत बसलो. खालच्या चौकटीत लढाई (आमच्या एकात गाई होत्या, म्हणजे गोधन सोडवताना गेला असावा), मधे अप्सरा त्याला वर नेतायत, सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून. एकाला ताजा शेंदूर होता. म्हणजे तो कागदोपत्री संग्रहालयाचा, बाकी गावाचाच.

*

मी शिक्षिका. सहावीचा वर्ग घेऊन गेले होते तिथे एका कपाटात पितळी मापं होती आणि सगळ्यांना मिळून एकच चिठ्ठी, ‘धान्य मोजण्याची भांडी’. राग आला. अहो, प्रत्येकाला नाव आहे! चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. मुलांना दुपटीचा पाढा तिथंच शिकवून झाला. एक मुलगी म्हणाली, “बाई, हे आमच्याकडं आहे, आजी त्यात खिळे ठेवते.” दुसऱ्या दिवशी तिनं आणलं. आजीचा निरोपही आणला, मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ नाही म्हणायचं, ‘लाभ’ म्हणायचं. हे कुठल्याच चिठ्ठीवर नव्हतं.

*

वरचं वाचून आमचं दुखणं आठवलं. आम्ही श्रीरामपूर तालुक्यातले. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली झाडाची मुळं खणताना भरीव ब्राँझच्या चार वस्तू निघाल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैलजोडीचा रथ, वर उभा माणूस. चारांचं मिळून वजन ६० किलोंच्या वर. हडप्पा काळाच्या अखेरच्या म्हणतात, त्यावर वाद आहेत. ऐवज गेला मुंबई-दिल्लीला. रथ आमच्या मातीतला आणि आम्ही तो पाहायचा फोटोत.

*

दादा, पटतं आणि नाहीही. इथं राहिला असता तर मोडीत गेला नसता कशावरून? १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. लोक कायद्यालाच भितात आणि वस्तू रातोरात गायब करतात. मात्र एक हुबेहूब प्रतिकृती तालुक्याला द्यायला काय हरकत होती, हे खरं.

*

सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा! यमाईच्या डोंगरावर संग्रहालय आहे, १९३८ चं, तिथल्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. ज्वारीच्या रानातून गाडी वर चढते आणि आत राजा रविवर्म्याची चित्रं, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प. बाकी काही लिहीत नाही.

*

आमच्या घरची तिफण, पेरणीचं तीन फणांचं अवजार, वडिलांनी एका छोट्या संग्रहालयाला दिली होती. ते गेल्यावर आईला घेऊन पाहायला गेलो. बी सोडायचं चाडं उलटं बसवलेलं, त्याच्या नळ्या लोंबत होत्या. आई दोरी ओलांडून सरळ आत. तिनं पंचवीस वर्षं त्या चाड्यावर मूठ धरलेली. रखवालदार ओरडत आला, “मावशी, हात लावू नका!” ती ऐकतेय कुठली. चाडं सुलटं केलं, नळ्या एकेका फणात बसवल्या, पदरानं धूळ पुसली. तो शेजारी उभा राहून बघत होता. मग हळूच म्हणाला, “मधली नळी जरा ढिली हाय बघा, मावशी.”