चिमट्याचा स्विच: पहिल्या दिवशी ठणठणीत, मग संपर्क का तुटतो?

कपाटरक्षक
कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याच्या दोन्ही जबड्यांना आतून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चिकटवली आहे. मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा, त्याला दोरा, दोऱ्याचं दुसरं टोक कपाटाच्या दाराला. दार उघडलं की पुठ्ठा निसटतो, जबडे मिटतात आणि बझर वाजतो. म्हणजे वाजायला हवा. आता कधी वाजतो, कधी नुसता कुरकुरतो. २ पेन्सिल सेल, ३ व्होल्टचा बझर, त्याला समांतर लाल एलईडी. फॉइलऐवजी काय लावू? याच चिमट्याचं दाबायचं बटण होईल का?

पितळी_स्क्रू
दोष फॉइलचाच. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो थर वीज वाहू देत नाही. शिवाय फॉइल चुरगळते, फाटते, तिला साधा सोल्डरचा डाग बसत नाही.

गोल डोक्याचे, साधारण ६ मिमी लांबीचे दोन पितळी स्क्रू घ्या. आधी १.५ मिमीचं भोक पाडा, नाहीतर चिमटा रेषेत चिरतो. दोन डोकी समोरासमोर येणं महत्त्वाचं: पहिला स्क्रू बसवा, डोक्यावर मार्कर फिरवा आणि शाई ओली असतानाच चिमटा मिटवा. समोर ठिपका उमटेल, तिथे दुसरं भोक. वायर मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांची) घ्या. एकेरी तार वाकून वाकून तुटते. १५ मिमी सोलून पीळ द्या आणि घड्याळाच्या दिशेने स्क्रूभोवती गुंडाळा. आवळताना ती आत ओढली जाते, उलटी गुंडाळली तर बाहेर सटकते.

पुठ्ठाही काढा. त्याचे तंतू संपर्कावर राहतात आणि तो दमट होतो. गुळगुळीत प्लॅस्टिकची पट्टी लावा. निसटताना ती डोकी थोडी पुसूनही काढते. दोरा जबड्याच्या सरळ रेषेत हवा, तिरका ओढला तर चिमटाच वळतो. चिकटवताना चिमट्याचा खालचा एकच पाय (लाकडी अर्धा भाग) चिकटवा. डिंक स्प्रिंगमध्ये गेला की खेळ खलास.

एलईडीला स्वतंत्र १०० ओहमचा रेझिस्टर आहे ना? ३ व्होल्टमधून लाल एलईडीचे साधारण २ वजा केले की १ उरतो, म्हणजे १० मिलिअ‍ॅम्पिअर. ९ व्होल्टची बॅटरी लावलीत तर ६८० ओहम.

उलटसुलट
बटण नक्की होईल, पण टोक बदला. चिमटा दाबला की जबडे उघडतात, त्यामुळे जबड्यातला संपर्क दाबल्यावर तुटतो. दाबल्यावर जुळायला हवा असेल तर संपर्क मागे, बोटं टेकतात त्या टोकांना. तिथलं अंतर फार असतं; एका पायातून ३ मिमीचा लांब बोल्ट दोन नटांनी बसवा आणि समोरच्या स्क्रूपासून ३-४ मिमी फट राहील असा पुढेमागे करून आवळा.

दोन्ही टोकांना संपर्क ठेवलेत आणि एकाच पायावरचे दोन्ही जोडून कॉमन (सामायिक टोक) केलेत तर टू-वे स्विच मिळतो. त्यात पुढचा आधी तुटतो, मागचा नंतर जुळतो, म्हणजे मध्ये क्षणभर काहीच जोडलेलं नसतं. हे सोयीचंच आहे.

आणि स्प्रिंग लोखंडी असते हे विसरू नका, ती दोन्ही पायांना टेकते. उघडी तार दोन्हीकडे तिला लागली की स्विच कायमचा चालू. सेल जोडण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून, संपर्क उघडे धरून तपासा.

कपाटरक्षक
पितळी स्क्रूंनी आवाज साफ झाला, आभार. मागच्या टोकांचं बटण आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) जोडलं आहे, आतलाच पुल-अप (बटण मोकळं असताना पिन ५ व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर) वापरून. एकदा दाबलं की ३-४ वेळा मोजतं.

उलटसुलट
धातूवर धातू आदळला की उसळतोच, आणि बोटाने हळू दाबलेल्या चिमट्यात तर जास्तच. प्रोग्रॅममध्ये पहिला बदल दिसला की ५० मिलिसेकंद पुढचं काही मोजू नका. दुसरी गोष्ट, आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा असतो, म्हणजे ५ व्होल्टला जेमतेम ०.१ ते ०.२५ मिलिअ‍ॅम्पिअर. मळक्या संपर्कातून इतका क्षीण प्रवाह नीट जात नाही. बाहेरून १ किलोओहम लावा, ५ मिलिअ‍ॅम्पिअर मिळतील. तरी चुकलं तर पॉलिश पेपरचा बारीक तुकडा संपर्कात धरून दोनदा ओढा.

फ्यूजवाले
एक गोष्ट कोणी लिहिली नाही. हे सगळं सेलवर, फार तर १२ व्होल्टपर्यंत. भिंतीतल्या प्लगची वीज चिमट्यातून कधीही नेऊ नका: धातू उघडा, लाकूड पेट घेणारं, आणि संपर्क हळू उघडत असल्याने ठिणगी ताणली जाते. छोटी डीसी मोटर चालवायची असेल तरी तिच्यावर १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा लावा, पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हला. नाहीतर मोटर बंद होताना उडणाऱ्या ठिणगीने पितळ काळं पडतं आणि कुरकुर पुन्हा सुरू.