शब्दचर्चा: 'मतदारसंघ' जमिनीचा की माणसांचा?

रकानेवाला

एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीच्या विधानसभेवर एक टिपण लिहितोय. सोबत सदस्यांचा तक्ता आहे: नाव, पक्ष, मतदारसंघ (इंग्रजी नोंदींत 'इलेक्टोरेट'). तीन रकाने, त्यात काय अडणार, असं वाटलं होतं. तिन्ही अडले.

पहिली ठेच लागली ती एडमंड बार्टनपाशी. हे गृहस्थ १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पहिले पंतप्रधान झाले, पण १८७९ मध्ये विधानसभेत आले ते 'सिडनी विद्यापीठ' या जागेवरून. ही जागा नकाशावर दाखवता येत नाही. मतदार कोण, तर विद्यापीठाचे पदवीधर. आणखी एक गंमत म्हणजे १८५९ ते १८८० या काळात सोन्याच्या खाणींच्या तीन जागा होत्या: उत्तर, दक्षिण आणि पश्चिम. खाणीचा परवाना ज्याच्या खिशात, तो तिथला मतदार. त्याच जमिनीवर नेहमीचे इलेक्टोरेटही होतेच.

'मतदारसंघ' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तालुके आणि गावांची यादी येते. म्हणून इथे 'मतदारवर्ग' लिहावं का? पण मग ईस्ट सिडनी, किआमा, मजी हेही 'मतदारवर्ग' होतात आणि ते कानाला खटकतं.

पाटीपेन्सिल

शब्द फोडून बघा की. मतदारांचा संघ. यात जमीन कुठे आहे? तालुके आपण नंतर चिकटवले.

आणि पदवीधरांचं अप्रूप निदान आपल्याला तरी वाटू नये. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधर मतदारसंघांच्या आणि ७ शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. त्यांना जिल्हे नेमून दिलेले असतात हे खरं, पण माझ्या शेजाऱ्याचं नाव त्या यादीत नाही आणि माझं आहे, कारण त्याने कॉलेज अर्धवट सोडलं. बार्टनसाहेबांचा 'सिडनी विद्यापीठ पदवीधर मतदारसंघ' असं लिहा. मराठी वाचकाला तळटीपसुद्धा लागणार नाही. इंग्लंडातल्या वाचकाला कदाचित लागेल.

रकानेवाला

हे डोक्यातच आलं नव्हतं! पण खाणवाल्यांचं काय? तिथे जमीनही आहे आणि परवानाही.

भिंगातून

पाटीपेन्सिल यांच्या म्हणण्याला जुना आधार आहे. 'मतदारसंघ' हा शब्द मराठीत सर्वात जास्त भांडला गेला तो जमिनीवरून नव्हे, यादीवरून. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांत मुसलमानांना मिळाले ते 'विभक्त मतदारसंघ'. १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्य वर्गांना देऊ केले तेही तसेच. त्याला कुणी 'स्वतंत्र', कुणी 'विभक्त' म्हणे, आणि समोर 'संयुक्त मतदारसंघ'. या तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच: मत कुणी कुणाबरोबर द्यायचं. हद्द कुठून कुठपर्यंत, हा प्रश्नच नव्हता.

पुणे करारातली तडजोड तर या शब्दाची परीक्षाच घेते. मतदारसंघ संयुक्त, पण प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा राखीव. त्या जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनीच चौघांना निवडायचं आणि मग सगळ्यांनी मिळून त्या चौघांतून एकाला. एकाच जागेवर दोन संघ, एक आतला, एक बाहेरचा. 'मतदारसंघ' म्हणजे निव्वळ भूभाग असं धरलं तर येरवड्यात २४ सप्टेंबर १९३२ ला नक्की कशावर सह्या झाल्या तेच कळणार नाही.

'राखीव जागा' आणि 'विभक्त मतदारसंघ' या दोन गोष्टी आजही लोक एकच समजतात. एक उदाहरण देतो. १९१९ च्या कायद्यानंतर मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा होत्या. त्या राखीव जागा होत्या, विभक्त मतदारसंघ नव्हते. मत सगळ्यांचंच.

दक्षिणवारा

मी न्यूझीलंडमध्ये राहते. इथे हे रोजचंच आहे. १८६७ च्या कायद्याने वसाहतीच्या संसदेत माओरींच्या चार जागा झाल्या, आता सात आहेत. माओरी मतदाराने कोणत्या यादीत नाव घालायचं ते स्वतः ठरवायचं. म्हणजे एकाच घरातले दोघं सख्खे भाऊ दोन वेगळ्या इलेक्टोरेटमध्ये असू शकतात. मी घरी मराठीत बोलताना बिनधास्त 'माओरी मतदारसंघ' म्हणते, कुणी अडखळत नाही.

एक सुचवू का? सदस्यांना आमदार म्हणायचं की खासदार, हाही वाद निघणारच आहे.

पाटीपेन्सिल

कॅनडात याला 'रायडिंग' म्हणतात, माहीत आहे? घोड्याशी काही संबंध नाही. मुळात 'तिसरा हिस्सा' असा जुना नॉर्स शब्द, यॉर्कशरचे तीन भाग होते त्यावरून. विषयांतर झालं, पण राहवलं नाही.

रकानेवाला

आमदार-खासदार वाद निघालाच आहे तर सांगतो, मी आधी 'खासदार' लिहिलं होतं, कारण इंग्रजीत सर्रास पार्लमेंट. मग लक्षात आलं की सभागृह तेच राहिलं आणि १९०१ मध्ये वसाहतीचं राज्य झालं. त्यामुळे ३१ डिसेंबर १९०० ला खासदार आणि दुसऱ्या दिवशी आमदार, असा विनोद होतो. नावापुढे ते लोक त्या काळी एमएलए हीच अक्षरं लावत. तेव्हा 'आमदार' पक्कं केलं.

पण पक्षाच्या रकान्याने झोप उडवली आहे. १८८७ च्या आधी पक्षच नाहीत. जुन्या नोंदींत 'मिनिस्टेरिअलिस्ट' लिहिलंय. याला काय म्हणायचं?

भिंगातून

'सरकारपक्ष'. कोर्टात म्हणतात तसा. मराठीतला 'पक्ष' हा शब्द झेंडा, चिन्ह आणि कार्यालय येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. पक्ष म्हणजे पंख, बाजू. शुक्ल पक्षाची नोंदणी कुठे झाली होती? वधूपक्षाचा जाहीरनामा कुणी पाहिलाय? तुमच्या त्या काळातल्या आमदारांना हाच जुना अर्थ चपखल बसतो: आज या मंत्रिमंडळाच्या बाजूला, उद्या त्या.

१८८७ पासून मात्र नवा अर्थ लागू करा. तिथून खुल्या व्यापाराचा पक्ष आणि जकातींनी स्थानिक धंद्याला आधार देणारा संरक्षणवादी पक्ष असे दोन उभे राहिले. 'संरक्षणवादी' हा शब्द लष्करी वाटतो याची मलाही खंत आहे, पण अर्थशास्त्रात तो रुळलाय. माणसं तरीही इकडून तिकडे जात. जॉर्ज डिब्ज आधी खुल्या व्यापाराचे, पुढे संरक्षणवाद्यांचे नेते. त्यामुळे रकान्यात पक्षासोबत वर्षही लिहा.

जाता जाता: १८९२ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे भारतीय अर्थशास्त्रावर बोलत होते तेव्हा वादाचा विषय जवळपास हाच होता. फरक इतकाच, सिडनीच्या आमदाराला जकात ठरवता येत होती. मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर १८९६ मध्ये साडेतीन टक्के अबकारी बसली, ती कुणालाही न विचारता.

दक्षिणवारा

मजुरांचा पक्ष विसरू नका. १८९१ च्या निवडणुकीत १४१ पैकी ३५ जागा, पहिल्याच फटक्यात.

रकानेवाला

आहे तो तक्त्यात. आता वसाहतीचे मुख्यमंत्री राहिलेले हेन्री पार्क्स. यांच्यापुढे एक मतदारसंघ लिहून भागतच नाही. १८८२ मध्ये ईस्ट सिडनीत पडले आणि त्याच निवडणुकीत टेंटरफील्डहून निवडून आले. मतदान सगळीकडे एकाच दिवशी नसे, त्यामुळे पडलेल्याला दुसरीकडे उभं राहायला वाव होता. पुढे १८८९ मध्ये वसाहतींनी एकत्र यावं हे त्यांचं गाजलेलं भाषण झालं तेही टेंटरफील्डमध्येच, आणि तेव्हा ते आमदार होते सेंट लिओनर्ड्सचे! शिवाय ईस्ट सिडनीतून एका वेळी चार आमदार. म्हणजे 'ईस्ट सिडनीचे आमदार' लिहिलं की वाचक एकच समजणार.

पाटीपेन्सिल

'ईस्ट सिडनीच्या चार आमदारांपैकी एक'. लांब होतं, पण आपल्याकडे महापालिकेत चार नगरसेवकांचा प्रभाग असतो, तेव्हा वाचक समजून घेईल.

मला खुपतोय तो 'वसाहत' शब्द. 'वसाहतीची संसद' म्हटलं की मला पोलीस वसाहतीतली पाण्याच्या टाकीवरची बैठक दिसते.

भिंगातून

उलट तिथे तोच शब्द शोभतो. माणसं बोटीतून येऊन खरोखर वसली होती, आणि जी आधीपासून राहत होती त्यांना हुसकून वसली होती. हिंदुस्थानात वसले नाहीत, अंमल केला. आपल्यालाच 'वसाहत' म्हणणं थोडं ढिलं आहे.

रकानेवाला

मान्य. शेवटची शंका. जुन्या नोंदींत अनेक आमदारांचा धंदा 'स्क्वॉटर' असा लिहिलाय. शब्दकोश म्हणतो 'अतिक्रमण करून राहणारा'. पण हे तर हजारो मेंढ्यांचे मालक, बंगलेवाले.

दक्षिणवारा

अतिक्रमणच होतं ते, फक्त हजारो एकरांचं. सरकारी जमिनीवर मेंढ्या सोडल्या, मग पट्टे मिळवले, मग विधानसभेत बसून त्या पट्ट्यांचे कायदे केले. 'स्क्वॉटर' असंच ठेवा.

पाटीपेन्सिल

'गायरानदार' कसं वाटतं?

रकानेवाला

तात्पुरतं पेन्सिलीने लिहून ठेवलंय.